रिनाउन्ड म्हणजे नेमकं काय, आणि फेमसच्या जागी ते कधी बसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या वाचनालयाचं रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, स्मरणिकेत पाहुण्यांचे परिचय छापायचेत आणि त्यांचं इंग्रजी मी करतोय. मराठीत कुणापुढे 'सुप्रसिद्ध', कुणापुढे 'नामवंत', कुणापुढे 'ख्यातनाम' लिहिलंय. मी सगळीकडे 'फेमस' टाकलं, तर अध्यक्ष म्हणाले 'रिनाउन्ड' टाक, ते भारी वाटतं. डिक्शनरीत दोन्हीपुढे 'प्रसिद्ध'च लिहिलंय. मग फरक काय? आणि नोकरीच्या बायोडेटात स्वतःबद्दल 'रिनाउन्ड टीचर' लिहिलं तर चालतं का?

उत्तर जरा लांबणार आहे. मी गेली सव्वीस वर्षं भाषांतराचं काम करतेय, इंग्रजीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी दोन्हीकडे, म्हणजे माहितीपत्रकं, सत्काराचे परिचय, संस्थांचे अहवाल, कोर्टाचे कागद सगळं, आणि 'प्रसिद्ध' या एका शब्दावर माझा जितका वेळ गेलाय तितका कुठल्याही कायद्याच्या शब्दावर गेला नसेल. अवघड शब्द आला की माणूस आपोआप थांबतो, डिक्शनरी उघडतो, कुणाला तरी फोन करतो. 'प्रसिद्ध' आला की कोणी थांबत नाही, हात आपोआप 'फेमस' टाइप करतो आणि चूक तिथेच होते.

तुमच्या अध्यक्षांनी सांगितलेला शब्द बऱ्याच ठिकाणी बरोबर बसेल, पण 'भारी वाटतं' हे कारण आधी डोक्यातून काढून टाका. रिनाउन्ड म्हणजे ज्याचं नाव त्याच्या कामामुळे किंवा गुणामुळे झालंय आणि त्या कामातली जाणकार माणसं ते नाव आदराने घेतात, तो. फेमसला एवढं काही लागत नाही, पुष्कळ लोकांना माहीत असलं की झालं फेमस, मग ते कशामुळे माहीत आहे हा प्रश्न पुढचा.

आता हे मी मनाने सांगत नाहीये, शब्दाच्या पोटातच ते आहे. रिनाउन्ड इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे एक क्रियापद होतं 'रनोमे' असं काहीसं, त्यातलं 'र' म्हणजे पुन्हा आणि 'नोमे' म्हणजे नाव घेणं. पुन्हा पुन्हा नाव घेणं! आणि ते 'नोमे' लॅटिनच्या 'नोमेन'वरून, म्हणजे नाव. आता बघा, लॅटिनचं नोमेन, संस्कृतचं नामन्, फारसीतलं नाम, इंग्रजीतलं नेम आणि आपलं नाव ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं आहेत. म्हणजे 'नामवंत' लिहिताना आपण आणि 'रिनाउन्ड' लिहिताना इंग्रज, दोघं एकाच मुळाला पाणी घालतोय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की त्या दिवशी हातातलं काम बाजूला ठेवून मी मराठीतले नावाचे सगळे शब्द एका वहीत लिहून काढले, नामवंत, नामांकित, ख्यातनाम, नावारूपाला आलेला, नावलौकिक, पोरानं नाव काढलं, आणि उलट्या बाजूने बदनाम, नाव बुडवलं, नावं ठेवली. आपल्या भाषेत कीर्तीचा सगळा व्यवहार नावावरच चालतो.

फेमसचं मूळ वेगळं आहे. ते 'फामा'वरून आलंय, आणि फामा म्हणजे लॅटिनमध्ये बोलवा, चर्चा, अफवासुद्धा. रोमन लोकांच्या कल्पनेत फामा ही एक उडणारी बाई होती, अंगावर जितकी पिसं तितकेच डोळे आणि तितक्याच जिभा, गावोगाव खरं-खोटं मिसळून सांगत सुटणारी. म्हणजे फेमस हा बोलबाल्याचा शब्द, रिनाउन्ड हा नावाचा. मराठीत 'त्याचा सगळीकडे बोलबाला आहे' आणि 'तो त्याच्या क्षेत्रात नावाजलेला आहे' या दोन वाक्यांत जो फरक कानाला लागतो ना, तोच फरक. मला विचाराल तर रिनाउन्डला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'नावाजलेला', त्यानंतर नामवंत आणि ख्यातनाम. 'प्रसिद्ध' हा फेमसचा जोडीदार.

आणि 'प्रसिद्ध' किती मोकळा शब्द आहे हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. शाळेत संस्कृत असणाऱ्यांना तो श्लोक आठवेल, घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात् कुर्याद् रासभरोहणम्, येन केन प्रकारेण प्रसिद्धः पुरुषो भवेत्. घडे फोडा, कपडे फाडा, गाढवावर बसून फिरा, कसंही करून प्रसिद्ध व्हा. आता या श्लोकात प्रसिद्धच्या जागी 'नावाजलेला' ठेवून बघा. बसतच नाही. घडे फोडून माणूस प्रसिद्ध होईल, नावाजला नाही जाणार. इंग्रजीतही तसंच, घडे फोडून फेमस होता येतं, रिनाउन्ड होता येत नाही.

एक खरं उदाहरण देते म्हणजे फरक पक्का होईल. श्रीराम अभ्यंकर हे आपले मराठी गणिती, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात कितीतरी वर्षं प्राध्यापक होते, बीजभूमिती, म्हणजे बीजगणित आणि भूमिती यांना जोडणारी गणिताची शाखा, हा त्यांचा विषय. 1957 साली त्यांनी एक अनुमान मांडलं जे 'अभ्यंकर कंजेक्चर' या नावानेच ओळखलं जातं, आणि ते सिद्ध व्हायला 1994 उजाडलं, रेनो आणि हार्बेटर या दोन गणितींनी ते केलं. पुण्यात 1976 मध्ये त्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था सुरू केली. आता पुण्यातल्याच रस्त्यावर दहा माणसांना थांबवून विचारा, श्रीराम अभ्यंकर कोण, किती जण सांगतील? पण जगातल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठातल्या गणित विभागात जा, बीजभूमितीवाल्याला विचारा, त्याला नाव माहीत असणार. हे रिनाउन्ड. अभ्यंकरांना 'फेमस मॅथेमॅटिशियन' म्हटलं तर चुकीचं नाही म्हणता येणार, पण वाक्य ढिलं होतं, 'रिनाउन्ड मॅथेमॅटिशियन' म्हटलं की नेमकं होतं. उलट सचिन तेंडुलकर. तो रिनाउन्डही आहे, पण त्याच्याबद्दल इंग्रजीत पहिला शब्द फेमसच येतो, कारण क्रिकेट न बघणाऱ्या आजीलाही तो माहीत आहे. आणि जयंत नारळीकरांसारखी माणसं दोन्हीकडे बसतात, खगोलशास्त्रातल्या लोकांत रिनाउन्ड आणि विज्ञानकथांमुळे आपल्या घराघरात प्रसिद्ध. तिथे तुम्ही कुणासाठी लिहिताय त्यावर शब्द ठरवायचा.

आता वापराचं बघू, कारण खऱ्या चुका तिथे होतात.

पहिली गोष्ट म्हणजे उच्चार आणि स्पेलिंग (renowned). उच्चार रिनाउन्ड, 'टाउन', 'डाउन'सारखा, जोर दुसऱ्या अक्षरावर. बरेच लोक 'रिनोन्ड' म्हणतात कारण त्यांना वाटतं हे 'नोन'वरून आलंय, म्हणजे माहीत असलेला. नाही हो, मूळ 'नेम'मध्ये आहे, 'नो'मध्ये नाही. त्याच गैरसमजातून मधे एक 'के' घुसतो, आर-ई नंतर लोक के टाकतात, तो टाकायचा नाही. दुसरी चूक शेवटचा 'ईडी' गाळायची. 'रिनाउन सिंगर' असं छापलेलं मी लग्नपत्रिकेपासून विद्यापीठाच्या बॅनरपर्यंत पाहिलंय. रिनाउन हे नाम आहे, कीर्ती या अर्थाचं, 'अ सिंगर ऑफ ग्रेट रिनाउन' असं वापरतात. 'रिनाउन सिंगर' म्हणजे मराठीत 'कीर्ती गायक' लिहिल्यासारखं झालं. आणि तिसरी चूक सगळ्यात घातक, स्पेलचेक ती पकडत नाही, रिनाउन्डच्या जागी 'रिनाउन्स्ड'. रिनाउन्स म्हणजे त्याग करणं. 'वर्ल्ड रिनाउन्ड' म्हणजे जगात नावाजलेला, आणि 'वर्ल्ड रिनाउन्स्ड' वाचलं की वाचणाऱ्याला वाटतं यांनी जगाचा त्याग केलाय, संन्यास घेतलाय. एका सत्काराच्या मानपत्रात हे घडलेलं मी बघितलंय, छापून, फ्रेम करून, माणसाच्या हातात दिलेलं. तो माणूस काही बोलला नाही पण त्यांच्या मुलीने रात्री घरी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत फोन केला. म्हणून सांगते, या शब्दाचं प्रूफ दोनदा वाचा.

'रिनाउन' या नामाचा आपल्या मुंबईशी एक जुना संबंध आहे, विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. ब्रिटिश आरमारात या नावाच्या बोटी होत्या, त्यातली एक 1916 साली पाण्यात उतरली, आणि त्याच 'रिनाउन' बोटीतून प्रिन्स ऑफ वेल्स 17 नोव्हेंबर 1921 ला मुंबईत आला. गेटवे तेव्हा अजून पूर्ण व्हायचा होता, तो 1924 मध्ये झाला. असहकाराचे दिवस होते, काँग्रेसने या भेटीवर बहिष्कार घातला, शहरात हरताळ झाला आणि मग दंगल उसळली, गांधीजींनी त्याबद्दल उपास केला. त्या काळातले कागद भाषांतराला आले आणि त्यात 'रिनाउन' दिसलं तर ते बोटीचं नाव आहे, 'कीर्तीवर स्वार होऊन' असलं काही करायचं नाही.

दुसरी गोष्ट 'फॉर'. 'ही इज फेमस' एवढं वाक्य पुरतं. 'ही इज रिनाउन्ड' एवढंच म्हटलं तर इंग्रजी कानाला ते अर्धवट लागतं, कशासाठी हा प्रश्न राहतो. आपण 'तो नावाजलेला आहे' म्हटलं की समोरचा विचारतो ना, कशात? तसंच. म्हणून नामाच्या आधी लावा, 'अ रिनाउन्ड हिस्टोरियन', किंवा नंतर लावायचं असेल तर 'रिनाउन्ड फॉर' करून कारण सांगा. भांडारकर संस्थेचं उदाहरण घ्या. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संस्था, 1917 साली स्थापन झालेली. तिच्याबद्दल 'अ रिनाउन्ड इन्स्टिट्यूट' लिहून थांबलात तर बाहेरच्या वाचकाला काही कळलं नाही. 'रिनाउन्ड फॉर द क्रिटिकल एडिशन ऑफ द महाभारत' लिहिलंत की त्याला कळतं, आणि ती चिकित्सक आवृत्ती 1919 मध्ये सुरू होऊन 1966 ला पूर्ण झाली हे पुढच्या वाक्यात आलं की मग विशेषणाची गरजही उरत नाही. 'फॉर'च्या जागी 'बिकॉज ऑफ' नको, 'इन' पण नको. 'ॲज' चालतं, 'रिनाउन्ड ॲज अ टीचर', म्हणजे शिक्षक म्हणून नावाजलेला.

तिसरं, 'व्हेरी रिनाउन्ड' लिहू नका. व्याकरणाने कोणी फाशी देणार नाही पण ऐकायला कच्चं वाटतं, जसं मराठीत 'खूप ख्यातनाम' वाटतं तसं. जोर द्यायचा असेल तर 'वाइडली', 'इंटरनॅशनली', आणि खरंच असेल तर 'वर्ल्ड'. आणि हे खरंच असेल तर वालं मनापासून सांगतेय. आपल्याकडे परिचयात 'जागतिक कीर्तीचे' सहज लिहितात, ऐकणारा पण ते मानाचं बोलणं म्हणून घेतो. इंग्रजी वाचणारा ते शब्दशः घेतो, नाव शोधून बघतो, काही सापडलं नाही की त्या चांगल्या माणसाबद्दलच त्याचं मत खाली येतं. विशेषण जास्त झालं तर नुकसान ज्याचा सत्कार आहे त्याचंच होतं.

अजून एक, रिनाउन्डचं क्रियापद आज वापरात नाही. मराठीत 'समीक्षकांनी या कादंबरीला नावाजलं' म्हणतो, त्याला 'क्रिटिक्स रिनाउन्ड द नॉव्हेल' होत नाही. तिथे 'प्रेझ्ड' किंवा 'अक्लेम्ड' लागतं. आणि हल्ली मराठीत 'पुरस्काराने नवाजलं' वाचायला मिळतं, ते नवाजणं हिंदीतून आलेलं, मूळ फारसी, गौरव करणं या अर्थाचं. नावाजणं आणि नवाजणं यांचा वापर वेगळा. मराठीत पुरस्काराने गौरवलं म्हणा, सन्मानित केलं म्हणा, छान शब्द आहेत आपले.

आता तुमच्या स्मरणिकेत नक्की येणारा सापळा, 'प्रसिद्ध' म्हणजे प्रकाशित. 'त्यांचा पहिला कवितासंग्रह 1985 साली प्रसिद्ध झाला.' याचं इंग्रजी 'हिज फर्स्ट कलेक्शन बिकेम फेमस इन 1985' असं केलेलं मी स्वतः दुरुस्त केलंय, एकदा नाही, अनेकदा. इथे प्रसिद्ध म्हणजे 'पब्लिश्ड'. प्रसिद्धिपत्रक म्हणजे प्रेसला दिलेली नोट. 'निकाल प्रसिद्ध झाला' म्हणजे जाहीर झाला. आपल्या भाषेत छापून लोकांपुढे येणं आणि नाव होणं याला एकच शब्द आहे, इंग्रजीत नाही. नवीन भाषांतर करणारी मुलं बिचारी शब्दाला शब्द लावतात आणि कवीचा संग्रह आल्या आल्याच गाजला असं होऊन बसतं. साल दिलं असेल तर नव्वद टक्के तो 'पब्लिश्ड'च असतो, ही माझी कामातली खूण.

आणि 'नामांकित'. मराठीत नामांकित म्हणजे नावाजलेला, 'नामांकित शाळा', 'नामांकित कंपनीत भरती'. पण हिंदीच्या प्रभावाने नामांकन म्हणजे नॉमिनेशन हे मराठीत इतकं रुळलंय की 'पुरस्कारासाठी नामांकित' पण लिहितात. म्हणजे परिचयात 'नामांकित लेखक' आलं तर रिनाउन्ड, आणि 'अमुक पुरस्कारासाठी नामांकित' आलं तर नॉमिनेटेड. पुढे 'साठी' आहे का बघा, लगेच कळेल.

याच नामांकित कंपनीवरून 'रेप्युटेड'. आपल्याकडे जाहिरातीत, बायोडेटात, सगळीकडे 'वर्क्ड इन अ रेप्युटेड कंपनी'. भारतीय इंग्रजीत हे चालतं, इथल्या एचआरला कळतं. पण इंग्लंड-अमेरिकेत रेप्युटेडचा रोजचा अर्थ 'म्हणे', 'लोक म्हणतात तसं'. 'द रेप्युटेड ओनर' म्हणजे मालक आहे असं म्हणतात बुवा तो. 'रेप्युटेड गँग लीडर' म्हणजे टोळीचा म्होरक्या असल्याचा ज्याच्यावर संशय आहे तो. त्यामुळे बाहेर पाठवायच्या अर्जात 'रेप्युटेबल' लिहा, म्हणजे चांगला लौकिक असलेली, नाहीतर सरळ 'लीडिंग'. आणि त्याहून चांगलं म्हणजे कंपनीचं नाव लिहा, काम संपलं.

उलट्या बाजूचे शब्द पण सांगते, कारण त्यातून रिनाउन्ड जास्त कळतो. नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध, कुख्यात. याचंही मूळ 'माहीत असलेला' एवढंच आहे, आधी तो बरा-वाईट दोन्हीकडे चालायचा, मग वाईटाला चिकटला. आपल्या 'नामचीन'चं पण असंच झालंय बघा, हिंदीत 'नामचीन वकील' सहज म्हणतात, मानाने, आणि मराठी पेपरात नामचीन आलं की पुढे 'गुंड' येणार हे आपण डोळे मिटून सांगू शकतो. हिंदीतून इंग्रजी करताना आमच्याकडे एका नवीन मुलाने 'शहर के नामचीन वकील'चं 'नोटोरियस लॉयर' केलं होतं, छापायच्या आधी सापडलं म्हणून ठीक. त्याचं लॉजिक मराठी पेपरचं होतं, त्याला रागावून उपयोग नव्हता, मी त्याला दोन्ही भाषांतली पाच-पाच वाक्यं समोर ठेवून दाखवली तेव्हा त्याला पटलं.

पण नोटोरियस दर वेळी गुन्ह्याचाच नसतो. 'नोटोरियसली डिफिकल्ट' म्हणजे अवघड म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं, परीक्षेचा पेपर असेल, घाट असेल, जुनी लिपी असेल. तिथे 'कुप्रसिद्धपणे अवघड' असं मराठी लिहू नका, 'अवघड म्हणून ओळखला जाणारा' लिहा. आणि कोर्टाच्या कागदात 'नोटोरियस फॅक्ट' आलं तर फारच सांभाळून, तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे, सर्वांना माहीत असलेली, पुरावा न देता कोर्ट जिची न्यायिक दखल घेऊ शकतं अशी गोष्ट. त्याला 'कुप्रसिद्ध वस्तुस्थिती' केलं तर सगळा अर्थच उलटा होतो. 'सर्वज्ञात वस्तुस्थिती' बरोबर. इन्फेमसचं मात्र तसं नाही, तो पूर्ण काळा शब्द आहे, आणि त्याचा उच्चार 'इन्फमस' असा, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. काही लोकांना वाटतं इन्फेमस म्हणजे फेमसपेक्षा जास्त फेमस. कृपा करून पाहुण्यांपुढे कधीही लावू नका.

बाकीचे पटापट. 'एमिनन्ट' म्हणजे आपल्या क्षेत्रात उंचीवर असलेला, मुळात 'उठून दिसणारा, वर आलेला'. डॉक्टर, वकील, विद्वान यांना छान बसतो, गायक-नटांना कमी. सरकारची 'इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स' योजना आठवत असेल, 2018 मध्ये आयआयटी मुंबईला तो दर्जा मिळाला, तिथे त्यांनी रिनाउन का नाही घेतलं? कारण नाव होण्यापेक्षा उंची दाखवायची होती. मात्र 'एमिनन्ट'च्या जागी 'इमिनन्ट' टाइप झालं तर अर्थ होतो 'लवकरच येऊ घातलेला'. 'डिस्टिंग्विश्ड' हा मानाचा, औपचारिक शब्द, घटनेच्या कलम 124 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाच्या पात्रतेत 'डिस्टिंग्विश्ड ज्युरिस्ट' (ज्युरिस्ट म्हणजे कायदेपंडित) आहे, फेमस ज्युरिस्ट नाही, आणि ते किती बरोबर आहे. 'सेलिब्रेटेड' कलावंतांना, लेखकांना, ज्यांचं लोक कौतुक साजरं करतात. 'पॉप्युलर' म्हणजे लोकप्रिय, त्याचा प्रसिद्धीशी संबंध लांबचा, गल्लीतला शिक्षक पॉप्युलर असू शकतो. 'लेजंडरी' आणि 'आयकॉनिक' या दोघांना सध्या इतकं झिजवलंय की मी ते शक्यतो टाळते.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या मजकुरात असणारच असा एक शब्द, 'ज्येष्ठ'. 'ज्येष्ठ साहित्यिक'चं 'सीनियर रायटर' करतात सगळे. इंग्रजीत सीनियर म्हणजे हुद्द्याने वरचा, जसा सीनियर क्लार्क असतो तसा सीनियर रायटर वाटतो, कुठल्या तरी ऑफिसात नोकरीला असलेला. 'व्हेटरन' लिहा. ज्येष्ठमध्ये वय आणि आदर दोन्ही आहेत आणि व्हेटरनमध्ये निदान अनुभव तरी येतो.

आता प्रत्यक्ष एक वाक्य करून दाखवते. समजा मराठीत आहे, 'सुप्रसिद्ध कवी, नामवंत समीक्षक आणि ओवी वाङ्मयाचे ख्यातनाम अभ्यासक श्री. अमुक तमुक यांची अनेक पुस्तके प्रसिद्ध आहेत.' मराठीत हे वाचायला छान लागतं, तीन वेगळे शब्द आहेत, एक लय आहे, सभेत निवेदक म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. याचं 'फेमस पोएट, फेमस क्रिटिक अँड फेमस स्कॉलर' केलं तर रटाळ होतं. 'फेमस, रिनाउन्ड, सेलिब्रेटेड' असे तीन शोधून लावले तर वाचणाऱ्याला वाटतं याला काहीतरी विकायचंय. मी काय करते, आधी बघते की यातलं खरं नाव कशात झालंय. इथे ओवीचा अभ्यास ही नेमकी गोष्ट आहे, कवी आणि समीक्षक पुष्कळ असतात. मग 'द पोएट अँड क्रिटिक अमुक तमुक इज रिनाउन्ड फॉर हिज वर्क ऑन द ओवी'. आणि दुसरं वाक्य, 'ही हॅज पब्लिश्ड' करून पुस्तकांचा आकडा, म्हणजे मोजून घ्यायचा, 'अनेक' नाही. एक विशेषण, योग्य जागी. दोन विशेषणं गेली म्हणून मान कमी झाला असं वाटेल, अध्यक्षांनाही वाटेल, तर त्यांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. कानाला पटतं. 'ओवी'ला मात्र अर्ध्या ओळीत समजावून सांगा, जात्यावरची गाणी म्हणून, नाहीतर बाहेरच्याला रिनाउन्ड कळेल आणि कशासाठी ते कळणार नाही.

तुमच्या स्मरणिकेत फेमस पूर्ण काढून टाका असंही मी म्हणणार नाही. पाहुण्यांमध्ये एखादा टीव्हीवरचा नट असेल, लोक त्याला बघायलाच येणार असतील, तर तो फेमस ॲक्टर, त्यात कमीपणा काही नाही. गावाच्या परिचयात 'आमचं गाव पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे' असेल तर 'फेमस फॉर इट्स पेढाज' एकदम मस्त. रिनाउन्ड पण चालेल, पण मग त्या पेढ्यांबद्दल आदराने बोलताय हे लक्षात ठेवा. हापूस, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना रिनाउन्ड शोभतो कारण त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे, कारागिरी आहे. स्टेशनबाहेरच्या गर्दीला शोभत नाही.

आणि शेवटी बायोडेटा. 'आय ॲम अ रिनाउन्ड टीचर' लिहू नका. नियम म्हणून नाही सांगत, आधी हेच मराठीत मोठ्याने म्हणून बघा, 'मी एक नामवंत शिक्षक आहे.' कसं वाटलं? जीभ अडखळते ना? नाव दुसऱ्याने घ्यायचं असतं, शब्दाच्या मुळातच ते आहे, पुन्हा पुन्हा घेतलं गेलेलं नाव. तुमच्याबद्दल संस्थेने लिहिलं, प्रकाशकाने पुस्तकाच्या मागे लिहिलं, निवेदकाने म्हटलं तर शोभतं. स्वतः लिहायचं असेल तर किती वर्षं शिकवताय, कुठल्या इयत्तांना, कुठला विषय, मुलं कुठे पोहोचली, एखादा पुरस्कार असेल तर त्याचं नाव आणि साल. मुलाखत घेणाऱ्याने हे वाचून मनात 'चांगलं नाव दिसतंय यांचं' म्हटलं पाहिजे, तो शब्द त्याच्याकडून येऊ द्या. ज्या शाळेत काम केलंत ती खरंच नावाजलेली असेल तर तिच्याबद्दल 'अ वेल-नोन स्कूल' लिहायला हरकत नाही, नामाच्या आधी आलं तर मधे आडवी रेघ द्यायची, 'द स्कूल इज वेल नोन' असं शेवटी आलं तर नाही द्यायची.

स्मरणिका छापायला जायच्या आधी फाइलमध्ये सर्च मारून रिनाउन्ड जिथे जिथे आलाय तिथे थांबा, शेवटी ईडी आहे ना, मधे के नाही ना, डब्ल्यूच्या जागी यू येऊन मधे 'सी' तर घुसला नाही ना, आणि पुढे 'फॉर' किंवा नाम आहे ना, एवढं बघा. मग 'बिकेम फेमस' सर्च करा आणि आजूबाजूला साल दिसलं तर मूळ मराठी वाक्य पुन्हा वाचा.